गाडी ॲव्हरेज देत नाही? मिस्त्रीकडं जायच्या आधी या चुका टाळा

पन्हाळ्यावरनं उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायची आणि तशीच खाली सोडायची, ही आपल्याकडची जुनी सवय. मला गाडी शिकवताना काकांनी हेच शिकवलेलं आणि मी पण कित्येक वर्षं तेच केलं, कारण इंजिनचा आवाज बारीक झाला की वाटतं पेट्रोल वाचतंय. पण आताच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत, म्हणजे जिथं इंजेक्टर मोजून पेट्रोल फवारतो, हे उलटं आहे. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर पेट्रोल जवळजवळ बंदच करतो, कारण इंजिनला चाकंच फिरवत असतात. न्यूट्रलला टाकलं की चाकांचा संबंध तुटला, मग इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं.

आणि पेट्रोलपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ब्रेक. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. काहीजण तर जोतिबावरनं येताना किंवा करूळ घाटात चावीच बंद करतात, हे कृपा करून करू नका. इंजिन बंद असलं की दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं, स्टेअरिंग जड होतं, आणि चावी चुकून निघाली तर स्टेअरिंग लॉकच. घाट ज्या गिअरमध्ये चढता साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

दुसरी चूक ऊसाच्या सीझनमध्ये रोज दिसते. पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, आणि मागं आपण अगदी चिकटून, जरा जागा दिसली की रेस, समोरनं एसटी आली की करकचून ब्रेक, परत रेस. प्रत्येक ब्रेकला, आधी पेट्रोल जाळून कमावलेला वेग आपण नुसता तापवून घालवतो. थोडं अंतर ठेवा, पुढचा रस्ता मोकळा दिसेपर्यंत वरच्या गिअरमध्ये निवांत चालवा. हायवेला पण तेच, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० वरनं १०० वर गेलं की तो दीडपटीच्या वर जातो.

क्लचवर पाय ठेवून चालवणं, चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं, यानं पेट्रोल पण जातं आणि क्लच प्लेट पण. चढावर हँडब्रेक लावा की.

गाडी चालू ठेवून उभं राहणं, हे तर कोल्हापुरात महाद्वार रोडला रोजचं. कुणीतरी साड्या बघायला गेलंय आणि गाडी एसी लावून उभी. छोटी कार सुद्धा अशी तासभर उभी राहिली तर अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करा. अंबाबाईच्या देवळाजवळ पार्किंगसाठी घिरट्या घालण्यापेक्षा सरळ बिंदू चौकात लावून चालत जा.

हवा महिन्यातनं दोनदा तरी बघा, आणि टायर गार असताना, लांबनं आल्या आल्या नाही, तेव्हा आकडा जास्तच दिसतो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर लिहिलेलं असतं, अंदाजानं भरू नका.

आणि ॲव्हरेज काट्यावरनं काढू नका राव. टाकी फुल्ल करा, ट्रिप मीटर शून्य करा, पुढच्या वेळी त्याच पंपावर परत फुल्ल करा. ४१२ किलोमीटर झाले आणि २६.४ लिटर बसलं, तर ॲव्हरेज १५.६. असं तीनदा करा मगच आकडा खरा धरा.

एवढं करूनही आकडा हलत नसेल तर एअर फिल्टर काढून बघा, धुळीच्या रस्त्यावर तो लवकर चोंदतो. मग जॅक लावून एकेक चाक हातानं फिरवा. एखादंच बाकीच्यांपेक्षा जड फिरत असेल तर तिथं ब्रेक चिकटत असणार, आणि ते काम मात्र मिस्त्रीचंच.