सेडान की एसयूव्ही? गाडी घेताना या चुका टाळा

"भाऊ, कोणती घेऊ?" असं विचारायला येतात आणि माझं बोलणं संपायच्या आत बुकिंग करून मोकळे होतात. वर्षभरानं तक्रारी ठरलेल्या. इतकी घाई कशाला?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एसयूव्हीला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी, समजणं. क्रेटा, नेक्सॉन, ब्रेझा यांत इंजिनाचा जोर पुढच्या दोनच चाकांना जातो, डिझायरसारख्या सेडानमध्ये जातो तसाच. मृगाचा पाऊस पडून गेला होता. मेव्हण्यानं नवी एसयूव्ही शेताकडं वळवली. म्हटलं, पांदणीत घालू नको, वापसा नाही अजून. "दाजी, एसयूव्ही आहे, आरामात निघंल." पन्नास पावलंही गेली नाही. काळ्या मातीनं टायरच्या खाचा भरल्या, चाकं गुळगुळीत झाली, जागेवरच फिरायला लागली. त्यानं आणखी रेस दिली, तशी गाडी पोटावर टेकली. ट्रॅक्टर आला, तर पोरांनी साखळी थेट बंपरला बांधली आणि बंपर उखडला! ओढायचा हूक डिक्कीत, टूलकिटमध्ये पडून होता. तो बंपरवरचं छोटं झाकण काढून आत पिळून बसवायचा असतो. मी पावसाळ्यात आधी पायी चालून बघतो. चपलेला माती धरली की गाडी डांबरीवरच उभी.

दुसरी चूक, एकट्यानं टेस्ट ड्राइव्ह. डिझायरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची, 163 मिमी, क्रेटाचा 190, पण हे आकडे रिकाम्या गाडीचे. पाच माणसं आणि ज्वारीचं पोतं घातल्यावर गावातल्या गतिरोधकावर सेडानचं पोट घासतं. घरची माणसं बसवून तुमच्या रोजच्या रस्त्यानं न्या. रोजचं जाणं-येणं जालना-संभाजीनगर असं हायवेचं असेल, तर मी डोळे झाकून सेडान सांगतो. बुटकी असल्यानं हवा कमी अडते, तेल कमी लागतं, वेगात गाडी झुलत नाही.

एसयूव्हीची डिक्की मोठीच असते, हाही गैरसमज: होंडा सिटी या सेडानची 506 लिटर, ब्रेझाची 328.

22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांना जीएसटी 18 टक्के, मोठ्यांना 40. ब्रेझा चार मीटरच्या आत बसते, पण पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या वर, म्हणून 40.

समृद्धीवर जायचं असेल तर हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. कोणतीही गाडी असो.

आणि आईला बसवून बघा. माझ्या आईला गुडघ्यांमुळं सेडानच्या खोल सीटवरून उठवेना. एसयूव्हीत ती खुर्चीवर बसावं तशी बसते, कुणाचा हात न धरता उतरते. आमच्या घरी एसयूव्ही आली ती तेवढ्यासाठी.