एक सायलेन्सर, चार पिस्तुलं: लावण्याआधीची तयारी

सायलेन्सर एकच आणि पिस्तुलं तीन-चार, असं झालं की माणूस आधी आटे बघतो. आटे बसले, फिरवलं, घट्ट झालं, की काम झालं असं त्याला वाटतं. खरं तर इथेच घात होतो, म्हणून या यादीत आटे पहिल्या नंबरवर नाहीत. पहिल्या नंबरवर भोक आहे.

१/२ × २८ हा आटा घ्या. अर्धा इंच व्यास, इंचाला २८ आटे. अमेरिकी पद्धतीच्या ९ मिमी पिस्तुलांच्या नळीवर बहुधा हाच असतो, .२२ च्या (कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, इथे इंचात) बऱ्याच पिस्तुलांवर हाच आणि ५.५६ मिमीच्या रायफलीवरही हाच. म्हणजे .२२ साठीचा सायलेन्सर ९ मिमीच्या नळीवर लोण्यात सुरी जावी तसा फिरत बसेल. पण .२२ ची गोळी ५.७ मिमी जाड आणि ही ९ मिमी. पहिल्याच बॅफलला, म्हणजे आतल्या भोकाच्या पडद्याला, ती धडकणार. तेव्हा सगळ्यात आधी सायलेन्सरच्या अंगावर कोरलेलं कॅलिबर वाचा आणि बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकातली यादी काढा. मोठ्या भोकाचा सायलेन्सर लहान गोळीला चालतो: .४५ चा ९ मिमीला लावला तर आवाज थोडा जास्त येतो, एवढंच. उलटं कधीच नाही. ९ मिमीचा सायलेन्सर .४० ला ‘एवढासाच तर फरक’ म्हणून लावू नका, ती गोळी १०.१६ मिमीची असते.

नुसतं भोक पुरलं तरी भागत नाही, दाबही बघावा लागतो. ९ मिमीच्या भोकातून ५.५६ ची गोळी आरामात जाईल, पण त्या काडतुसाचा कमाल दाब ५५,००० पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) घरात आणि ९ मिमीचा ३५,००० च्या. आखूड रायफल नळीच्या तोंडाशी उरणारा दाब पिस्तुलासाठीच्या सायलेन्सरच्या पातळ नळकांड्याने सोसावा अशी अपेक्षा करू नये. माहितीपत्रकात ‘किमान नळी इतकी’ असा आकडा दिलेला असतो, तो वाचायचा कंटाळा करू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येक देशाचं वेगळं आहे. भारतात आवाज दाबणारी जोड-वस्तू प्रतिबंधित वर्गात मोडते, तिथे विषय संपला. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला, नोंदणी मात्र राहिलीच. नोंद होते ती सिरियल नंबर असलेल्या नळकांड्याची. आटे बदलायचे पिस्टन, म्हणजे सायलेन्सरच्या बुडाशी बसणारे आट्यांचे तुकडे, सुटे मिळतात, आणि एका सायलेन्सरवर चार पिस्तुलं जमवता येतात ती त्यामुळेच.

आता आटे. व्यास मोजायचा व्हर्नियर आणि आटे मोजायची पानं, म्हणजे थ्रेड गेज, ही दोन हत्यारं हाताशी हवीत. गेज इंची आणि मेट्रिक दोन्ही घ्या. पिस्तूल रिकामं करा, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, डोळ्याने आणि बोटाने तपासा, काडतुसं दुसऱ्या टेबलावर ठेवा, शक्य असेल तर नळी पिस्तुलातून काढूनच घ्या. तोंडावरची टोपी काढताना ती कुठल्या बाजूला सुटते ते लक्षात ठेवा. घड्याळाच्या दिशेने सुटली तर आटे डावे आहेत. युरोपी ९ मिमी नळ्यांवर एम १३.५ × १ डावे (मेट्रिक, व्यास १३.५ मिमी, पीच १ मिमी) असे आटे बऱ्याचदा भेटतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यामुळे व्हर्नियर लावताच ०.८ मिमीचा फरक दिसतो. पीच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर, मात्र नुसत्या डोळ्याला फसवतो. २८ आट्यांचा पीच ०.९०७ मिमी आणि मेट्रिकचा १ मिमी. गेजचं पान आट्यावर टेकवा, मागे टॉर्च धरा आणि बघा. बरोबर पान असेल तर कुठूनही उजेड येत नाही. चुकीचं असेल तर पहिले दोन-तीन दात नीट बसतात, मग पाचव्या-सहाव्या दातापाशी बारीक चीर उजळते. दहा आट्यांवर जवळजवळ एक मिलिमीटरची तफावत पडते, ती लपत नाही.

.४५ साठी .५७८ × २८ हा नेहमीचा आटा, .४० आणि १० मिमीला ९/१६ × २४. एकाचा व्यास १४.६८ मिमी, दुसऱ्याचा १४.२९. हातात घेतले तर जुळे भाऊ वाटतात. .५७८ चा पिस्टन ९/१६ च्या नळीवर एखादा फेरा जातो आणि अडतो. तिथे पाना लावून जोर केलात तर नळी आणि पिस्टन दोन्ही गेले. हेकलर अँड कॉखच्या .४५ टॅक्टिकल मॉडेलांत एम १६ × १ डावे आटे सापडतात. वॉल्थर पी२२ च्या नळीला एम ८ × ०.७५ वरून १/२ × २८ करणारा अ‍ॅडाप्टर लागतो. ९ मिमीच्या काही कार्बाइनवर, म्हणजे आखूड रायफलींवर, १/२ × ३६ असतो. व्यास तोच, पीच निराळा.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती एम १४ × १ डाव्या आट्यांची. एके-४७ च्या घराण्यातल्या बऱ्याच रायफलींवर तो असतो. पीच तोच १ मिमी, दिशा तीच डावी, फक्त अर्धा मिलिमीटर मोठा. त्यामुळे १४ चा तुकडा १३.५ च्या नळीवर शेवटपर्यंत चढतो, वर खांद्याला टेकतोसुद्धा. पण अर्ध्यात हलवून बघा, डुगडुगतो. ‘टेप गुंडाळला की घट्ट होईल’ हा सल्ला देणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

आटे जुळले की पुढचा प्रश्न: गोळी सुटल्यावर पिस्तुलाची नळी हलते का? बहुतेक ९ मिमी आणि .४५ पिस्तुलांत ब्राउनिंग पद्धतीची नळी असते. ती स्लाइडबरोबर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाबरोबर, थोडी मागे जाते, मग खाली झुकते. तिच्या टोकाला पाव किलोचं वजन टांगलं तर ती आळसावते आणि पुढचं काडतूस चढत नाही. त्यासाठी सायलेन्सरच्या बुडाशी बूस्टर असतो, म्हणजे पिस्टन आणि स्प्रिंग. वायूचा दाब नळकांड्याला पुढे ढकलतो, तेवढ्या क्षणापुरती नळी त्या वजनातून मोकळी होते. आणि नळी जागची हलतच नाही अशा हत्यारावर, म्हणजे ब्लोबॅक पिस्तुलावर किंवा कार्बाइनवर, स्प्रिंग काढून तिच्या जागी सलग धातूचा स्पेसर घालायचा. नाहीतर नळकांडं दर गोळीला पुढे-मागे आपटत राहतं, पिस्टनचा दांडा झिजतो, कधी तुटतो. एमपी५ सबमशीनगनच्या पद्धतीच्या तीन कानांच्या नळीला वेगळा माउंट लागतो, तिथे आट्यांचा प्रश्नच येत नाही. माझी सवय अशी: पिस्टन ज्या डबीत, त्याच डबीत स्प्रिंग किंवा स्पेसर, आणि डबीवर पिस्तुलाचं नाव. बदलताना एकच अर्धं बदललं आणि दुसरं विसरलं, ही चूक फार सहज होते.

स्प्रिंग दाबून नळकांडं थोडं ओढलं की पुष्कळ बूस्टरमध्ये ते खाचेखाचेने फिरवता येतं. नेम किंचित सरकला असेल तर तो असा फिरवून जुळवतात. कोणत्या खाचेवर बरोबर येतो त्याची रंगाची खूण करून ठेवा.

आता सरळपणा, आणि इथे घाई नको. नळीचा खांदा, म्हणजे आट्यांच्या मागची कड, स्वच्छ आणि काटकोनात हवा. त्यावर कार्बनचा पापुद्रा असेल तर पिस्टन तिरका टेकतो, आणि बुडाशी केसाएवढा तिरपेपणा नळकांड्याच्या टोकाशी भोकाच्या काठापर्यंत पोचतो. चिरडणारा वॉशर मध्ये घालू नका, तो कधी समान दबत नाही. मग कॅलिबरची सरळ सळई घ्या. नळी पिस्तुलातून काढलेली, सायलेन्सर तिच्यावर बसवलेला. सळई चेंबरकडून आत सरकवा आणि टोकाकडून बघा. सळईभोवती उजेडाची कडी सगळीकडे सारख्या जाडीची दिसायला हवी. एका बाजूला कडी बारीक आणि दुसऱ्या बाजूला जाड असेल तर नळकांडं बूस्टरच्या एक-दोन खाचा फिरवून पुन्हा बघा. बारीक बाजू नळकांड्याबरोबर फिरली तर दोष सायलेन्सरात, जागेवरच राहिली तर पिस्टनमध्ये किंवा नळीच्या आट्यांत. सळई कुठे टेकत असेल तर त्या दिवशी गोळी झाडायची नाही. नंतर घरच्या लेथवर कापून घेतलेल्या आट्यांत हा दोष वारंवार निघतो, म्हणून ते काम शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडेच द्यावं.

बाकीचं पटापट. सायलेन्सर चढला की नेहमीची ठेंगणी साइट, म्हणजे नेम धरायची खूण, झाकली जाते, उंच साइट लागते. नेहमीचं होल्स्टर निरुपयोगी होतं. २० अंश सेल्सिअसला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, त्याहून वेगवान गोळीचा कडाका हवेत होतो आणि तो कुठलाही सायलेन्सर अडवत नाही. म्हणून ९ मिमीत १४७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) जड गोळी घेतात. .४५ ची २३० ग्रेनची मुळातच संथ. कानावर संरक्षण तरीही ठेवा: नुसतं ९ मिमी पिस्तूल १६० डेसिबलच्या आसपास वाजतं, त्यातून २०-३० कमी झाले तरी उरतो तो आवाज काही कुजबुज नव्हे. .२२ चं शिसं बॅफलवर चिकटून दगड होतं, ते वेळेवर काढा. व्हिनेगर आणि पेरॉक्साइडच्या मिश्रणात बुडवायचा उपाय मात्र टाळा, त्यातून शिशाचं विषारी, पाण्यात विरघळणारं क्षार तयार होतं.

मैदानावर पहिल्या वेळी मॅगझीनमध्ये एकच काडतूस भरा. झाडून झालं की पिस्तूल रिकामं करा, सायलेन्सर उतरवा आणि पुढच्या टोपीच्या भोकाची कड टॉर्चने बघा. कडेला चमकदार ओरखडा नसेल तर दोन काडतुसं भरून स्लाइड पुढचं उचलते का बघा, मग पाच. आणि पाचानंतर हाताने पुन्हा घट्ट करून बघा, तो बहुधा पाव फेरा सैल झालेला असतो.