म्युऑनने रिअ‍ॅक्टरच्या पोटात डोकावायचंय? आधी पॅनलचा कोन नीट मोजा

मी या कामात आलो तेव्हा डोक्यात एक्स-रेचंच चित्र होतं, बटण दाबलं की फोटो. तसं नसतं हो. म्युऑन म्हणजे कॉस्मिक किरणांमुळे वातावरणात तयार होऊन वरून सतत पडणारे, जाड काँक्रीटही भेदणारे सूक्ष्म कण, ते आपण मागवू शकत नाही. समुद्रसपाटीला 1 चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला जेमतेम 1 म्युऑन जातो, तोही बहुतेक डोक्यावरून, आणि आपला डिटेक्टर इमारतीबाहेर जमिनीवर असतो त्यामुळे आपल्याला लागतात ते तिरके, आडवे येणारे, जे आणखीच कमी. म्हणजे आठवडेच्या आठवडे नुसतं मोजत बसायचं. एका पिक्सेलमध्ये 1 टक्का अचूकता हवी तर 10,000 म्युऑन जमवा, N मोजले की चूक √N एवढी, त्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

बाकी तत्त्व सोपं आहे. युरेनियमचं इंधन काँक्रीटच्या चौपटीहून जास्त घन, तिथे म्युऑन जास्त अडकतात, सावली पडते. जपानच्या फुकुशिमाला, 2011 च्या अपघातात इंधन वितळलं तिथे, 2015 मध्ये युनिट 1 चा रिअ‍ॅक्टर असंच बघितला तर गाभ्याच्या जागी इंधनाची सावलीच नाही! पण ते खाली नेमकं कुठे गेलं हे कळेना, कारण म्युऑन वरून येतात, डिटेक्टरच्या पातळीखालचं त्याला दिसणारच नाही. मला हा विषय खरा इथे समजला. पुढच्या वर्षी युनिट 2 मध्ये मात्र प्रेशर व्हेसलच्या (गाभा ज्यात असतो त्या पोलादी भांड्याच्या) तळाशी जड माल दिसला.

स्कॅटरिंगवाली पद्धत नवीन पोरांना जास्त आवडते (लॉस अ‍ॅलामॉसवाल्यांनी 2003 मध्ये दाखवलेली), त्यात म्युऑन किती वळला ते बघून लोखंड आणि युरेनियम वेगळं काढता येतं. पण दोन्ही बाजूंना ट्रॅकर (म्युऑनचा मार्ग टिपणारे डिटेक्टर) लागतात, त्यामुळे पहिल्या प्रोजेक्टला नको.

आता माझा घोळ. रीडिंग चालू असताना डिटेक्टरचं एक पॅनल साधारण 1 अंशाने कललं, आणि कधी कललं याची नोंदच आम्ही ठेवली नव्हती. 1 अंश म्हणजे किती ते, असं वाटतं ना? 30 मीटरवर अर्धा मीटर चूक! तीन आठवड्यांचा डेटा गेला, आणि दोष कोणाला देणार, वहीत कोन लिहायचं काम माझंच होतं.

जिआन्ट4 (कणांचं सिम्युलेशन) आणि रूट (डेटाचं विश्लेषण) ही सॉफ्टवेअर शिकावी लागतीलच, पण त्याआधी सिंटिलेटरच्या (कण गेला की चमकणाऱ्या पदार्थाच्या) दोन पट्ट्या एकावर एक ठेवून कोइन्सिडन्स, म्हणजे दोन्ही एकदम किती वेळा चमकतात ते मोजा, तिरक्या करून काउंट कसा पडतो ते बघा. आणि मोकळ्या आकाशाचं रीडिंग त्याच डिटेक्टरने, त्याच कोनात घ्या, रिअ‍ॅक्टरच्या रीडिंगला भागायला तेच लागतं. हे कंटाळवाणं म्हणून सगळे शेवटी ठेवतात आणि मग तेवढ्यासाठी पुन्हा महिनाभर थांबतात.