टोमॅटोला ठिबक आणि मल्चिंग : कागदाखालचा वाफसा कसा सांभाळावा

मल्चिंग पेपर, म्हणजे माती झाकणारा प्लास्टिकचा कागद, अंथरला की तण येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पाणी किती कमी करायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मातीचं तोंड झाकल्यावर उन्हानं उडून जाणारी ओल खालीच राहते. तरीही मोटर पूर्वीइतकाच वेळ चालवली, तर वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असण्याची स्थिती, मोडतो, मुळांना हवा मिळत नाही आणि रोपं मरू लागतात. म्हणून इथे कागदापेक्षा पाण्याबद्दल जास्त. पीक टोमॅटो, क्षेत्र एक एकर.

१. बेड आणि नळी

शेणखत आणि बेसल डोस (लागवडीआधी द्यायचं खत) मिसळून ५ फुटांवर बेड (गादीवाफे) ओढा. उंची साधारण १ फूट, माथा सपाट. ढेकळं राहिली तर कागद मातीला टेकत नाही आणि फाटतो. मधोमध १६ मिमीची इनलाइन लॅटरल, म्हणजे आतच ड्रिपर बसवलेली ठिबकची नळी, टाका. कागद अंथरण्याआधी लॅटरलची टोकं उघडून धुऊन घ्या आणि पाणी सोडून ड्रिपर एकेक बघा. नंतर चोंदलेला ड्रिपर दिसत नाही, रोप सुकल्यावरच कळतो.

२. कागद

४ फूट रुंद, २५ किंवा ३० मायक्रॉन जाडीचा. चंदेरी बाजू वर, काळी खाली. काळी बाजू उजेड अडवते म्हणून तण वाढत नाही. चंदेरी बाजू उजेड परतवते, त्यामुळे मावा आणि पांढरी माशी सुरुवातीला कमी बसतात. झाडं पसरून कागद झाकला की तो फायदा संपला. वारा पडलेला असताना अंथरा आणि कडा मातीत नीट गाडा. भोकं नळीपासून जरा बाजूला, सुमारे ३ इंचांची पाडा. उन्हाळ्यात तापलेल्या कागदाला कोवळं खोड टेकलं तर भाजतं.

उसाच्या पट्ट्यात पाचट (उसाची वाळलेली पानं) घरचंच असतं. ३-४ इंचांचा थर तेच काम बरंचसं करतो, फक्त वाळवीवर लक्ष हवं.

३. पाणी

एकरात ५ फुटांवर सुमारे २७०० मीटर बेड होतात. दर ४० सेंमीवर ड्रिपर धरला तर साधारण ६७५० ड्रिपर. प्रत्येकाचे तासाला ४ लिटर, म्हणजे तासाला २७,००० लिटर पाणी. एकरावर १ मिमी पाणी म्हणजे सुमारे ४००० लिटर. पिकाची गरज दिवसाला ४ मिमी धरली तर १६,००० लिटर, म्हणजे जेमतेम ३५ मिनिटं! तीन-तीन तास ठिबक चालवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. रोपं लहान असताना निम्म्याहूनही कमी पुरतं. फुलोरा आणि फळधारणेत वाढवायचं.

आकडा हा फक्त अंदाज. खरा निकाल मातीचा. दर दोन दिवसांनी भोकातून खुरप्यानं ५-६ इंच खालची माती काढून मुठीत दाबा. गोळा झाला आणि तळहात ओला झाला नाही, तर वाफसा आहे. बोटांमध्ये पाणी चमकलं तर उद्याचं पाणी चुकवा. गोळा होतच नसेल तर वेळ वाढवा.

पाण्याचा ताण देऊन मग एकदम भरपूर पाणी, हे टोमॅटोला सर्वांत महागात पडतं. फळं तडकतात, आणि ओल सारखी कमीजास्त होत राहिली की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही, बुडाशी काळा चट्टा पडतो. जमिनीत कॅल्शियम भरपूर असलं तरी हे होतं, म्हणून फवारणीआधी व्हॉल्व्हकडे बघा.

४. पैसे

४०० मीटरचे ७ रोल लागतात. समजा, रोल २००० रुपयांना, खर्च १४,०००. समजा, तीन खुरपण्या वाचल्या, दर वेळी १२ बायका, ३५० रुपये रोज, बचत १२,६००. उरलेले १४०० रुपये कॅरेटला २०० चा भाव असेल तर ७ कॅरेटमध्ये निघतात. तुमच्या गावचे आकडे घालून पाहा. मजूर सहज मिळत असतील तर हिशेब उलटूही शकतो. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात भाव पडला की कागद वाचवत नाही. तेव्हा कमी फुटलेला, एकसारखा माल निदान आधी उचलला जातो. ठिबकचा खर्च मात्र एका पिकावर टाकू नका, तो अनेक हंगामांवर वाटा. अनुदानासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करता येतो. पूर्वसंमती येण्याआधी खरेदी करू नका.

५. शेवटचा तोडा झाल्यावर

आधी लॅटरल गुंडाळा, मग कागद. नांगरट त्यानंतरच. जीर्ण कागद रोटाव्हेटरखाली गेला तर त्याच्या चिंध्या पुढची कित्येक वर्षं वेचत बसावं लागतं. बांधावर जाळू नका, भंगारवाल्याला द्या. माती झटकून दिला तर तो घेतो.