ऑक्सिजन ट्रिम लावताय? आधी या चुका टाळा

ऑक्सिजन ट्रिम म्हणजे धुरातला ऑक्सिजन बघून बॉयलरची हवा आपोआप कमी-जास्त करणारं कंट्रोल. त्यावरून परवा परत तोच फोन. "सर, ट्रिम ऑटोला टाकलं की बॉयलर धूर मारतो, मॅन्युअलला ठेवलं की मस्त चालतो, म्हणजे कंट्रोलरच खराब ना?" मी विचारलं, प्रोबचं, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचं, कॅलिब्रेशन कधी केलं होतं? पलीकडे शांतता. अठरा वर्षं झाली तेलाचे-गॅसचे बॉयलर आणि भट्ट्या यांच्या मागे फिरतोय, आणि कंट्रोलर खरंच खराब निघाला असं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा झालंय. बाकी सगळं आपलंच कर्तृत्व.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. हवा कमी पडली तर काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड (सीओ), जास्त झाली तर ती फुकटची हवा तापवून चिमणीतून सोडून द्यायची. धुरात ऑक्सिजन (ओटू) किती उरलाय ते मोजलं की जादा हवेचा अंदाज येतो, गणित अगदी ढोबळ आहे, ओटू भागिले (एकवीस वजा ओटू). ३ टक्के ओटू म्हणजे साधारण १७ टक्के जादा हवा, ६ टक्के म्हणजे ४०. ट्रिम हा आकडा बघून डँपर, म्हणजे हवेची झडप, थोडा इकडे-तिकडे करतं, बस. गरज का पडते तर नागपूरकडे मे महिन्यात दुपारी ४५ डिग्री असतं आणि डिसेंबरात पहाटे १०, डँपर तिथेच असला तरी पंख्यातून जाणाऱ्या हवेच्या वजनात ११-१२ टक्के फरक पडतो. बर्नर मे महिन्यात सेट केला असेल तर डिसेंबरात तुम्ही थंड हवा तापवत बसलाय.

आता सगळ्यात मोठी चूक, जिच्यावर माझा जुना राग आहे. डिस्प्लेवरचा आकडा खरा मानणं.

एका एमआयडीसीतला गॅसवरचा दहा टनी बॉयलर. रात्री दोनला फोन, चिमणीतून काळं येतंय. मी पोचलो तर कंट्रोल रूममध्ये तरुण इंजिनिअर छाती पुढे काढून ट्रेंड दाखवतोय, ओटू ३.१, सेटपॉइंट (ठरवलेला आकडा) ३, रेघ एकदम सरळ. "सर, लूप तर परफेक्ट आहे." लूप म्हणजे प्रोब, कंट्रोलर, डँपर ही साखळी. आणि खाली पीपहोलपाशी उभे असलेले आमचे जुने फायरमन अण्णा म्हणतात, "साहेब, ज्योत तांबडी झालीय, तुमचं मशीन काय बी म्हणू दे." मी पोर्टेबल अ‍ॅनालायझर खुपसला. ओटू ०.४. सीओ चढत चढत चार हजार पीपीएमच्या पुढे गेला तसा मी पंपच बंद केला, माझ्या अ‍ॅनालायझरचा सीओ सेल मरायला नको म्हणून. मग प्रोबच्या हेडपाशी गेलो तर कॅलिब्रेशन गॅस जोडायच्या निपलवर टोपीच नाही! चिमणीच्या बुडाशी ड्राफ्ट उणे असतो, म्हणजे आतला दाब बाहेरपेक्षा कमी, त्यामुळे त्या छोट्या भोकातून बाहेरची हवा थेट प्रोबच्या सेलवर (ऑक्सिजन ओळखणाऱ्या भागावर) ओढली जात होती. मी भोकावर अंगठा दाबून धरला आणि वर ओरडून आकडा विचारत राहिलो, २.६, १.८, ०.९, ०.५. अंगठा काढला की परत तीन.

म्हणजे काय झालं होतं बघा. प्रोबला खोटी हवा दिसत होती, ट्रिम इमानदारीत खरी हवा कापत होतं. तरी एवढं टोकाला जायला नको होतं, कारण मी कमिशनिंगला (पहिल्यांदा चालू करून देताना) ट्रिमला अधिक-उणे आठ टक्क्यांचं बंधन घातलं होतं. पण "ट्रिम लिमिटला जाऊन अडकतंय" म्हणून कोणीतरी ते तीस केलं होतं. अरे बाबा, ट्रिम लिमिटला अडकतंय म्हणजे ते ओरडून सांगतंय की कुठेतरी गडबड आहे, तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत! टोपी शेवटी प्लॅटफॉर्मच्या जाळीत अडकलेली सापडली, आदल्या आठवड्यात कॅलिब्रेशन केलेला पोरगा घाईत होता, त्याला बस पकडायची होती.

याच रात्री दुसरी चूक होता होता राहिली, आणि ती जास्त जीवघेणी. ०.४ ऐकल्याबरोबर इंजिनिअरसाहेबांचा हात डँपर उघडायला गेला. मी तो हात धरला. भट्टी न जळलेल्या गॅसने भरलेली असताना एकदम हवा सोडली तर स्फोटाला आमंत्रणच. ट्रिम मॅन्युअलला घ्या, हवा आहे तिथेच ठेवा, आधी इंधन हळूहळू कमी करा, ज्योत निवळू द्या, मग बाकीचं. आणि ज्योत विझलीच तर पर्ज, म्हणजे पंख्याने भट्टीतला उरलेला गॅस बाहेर काढणं, पूर्ण झाल्याशिवाय लायटरला हात लावायचा नाही, पर्जचा टायमर कमी करून वेळ वाचवणारे हुशार लोकही मी बघितलेत, त्यांच्याशी मी बोलत नाही.

माझी सवय सांगतो. दर सोमवारी, चहाच्या आधी, पोर्टेबल घेऊन प्रोबच्या शेजारच्या होलमध्ये मोजायचं आणि वहीत लिहायचं. वहीत, एक्सेलमध्ये नाही. टक्के बघायच्या आधी मिलीव्होल्ट बघायचे. झिर्कोनिया सेल सातशे डिग्रीच्या वर तापवलेला असतो, दोन्ही बाजूंना साधी हवा असेल तर शून्याच्या आसपास मिलीव्होल्ट यायला हवेत, ऑक्सिजन दहापट कमी झाला की साधारण पन्नास. हवा देऊनही शून्याजवळ येत नसेल तर आधी सेल, हीटर, रेफरन्स हवा (सेलच्या दुसऱ्या बाजूची साधी हवा) बघा. आणि हो, पोर्टेबलमध्ये ३ आणि प्रोबवर २.५ आले म्हणून प्रोब "ठीक" करायला जाऊ नका, पोर्टेबल पाणी काढून कोरडा गॅस मोजतं, प्रोब वाफेसकट मोजतो, गॅसच्या बॉयलरला एवढा फरक येणारच. सीओ भरपूर असेल तर तो त्या तापलेल्या सेलवरच जळून ऑक्सिजन खातो, त्यामुळेही आकडा खाली दिसतो.

ट्यूनिंगबद्दल. हल्ली पोरं व्हिडिओ बघून येतात आणि झिगलर-निकोल्स लावतात, कंट्रोलरचे आकडे ठरवायची १९४२ ची पद्धत आहे, वाईट नाही, पण तिच्या नेहमीच्या प्रकारात लूपला मुद्दाम झुलवावं लागतं आणि चालू बर्नर झुलवत ठेवणं ही काय गंमत आहे का? मी मोबाईलचं स्टॉपवॉच वापरतो. डँपर मॅन्युअलला थोडासा हलवायचा आणि ओटूचा आकडा हलेपर्यंत सेकंद मोजायचे. वीस-तीस सेकंद सहज लागतात, प्रोबचा फिल्टर राखेने बुजला असेल तर मिनिटभरही. एवढा वेळ ट्रिम आंधळं असतं. त्यात गेन (फरक दिसला की डँपर हलवण्याचा जोर) वाढवून ठेवलात की ते कालच्या धुरावर आजचा डँपर फिरवत बसतं आणि आकडा एक ते सहा असा झोके खातो. गेन बारीक, इंटिग्रल (उरलेला फरक हळूहळू भरून काढणारा भाग) संथ, लोड झपाट्याने बदलत असेल तेव्हा ट्रिम आहे तिथे थांबवायचं. ट्रिम आळशी दिसलं पाहिजे. ज्यांना पाच मिनिटांत सरळ रेघ हवी असते त्यांनी दुसरं काम शोधावं.

मुळात हवा-इंधनाचा बेस कर्व्ह, म्हणजे कुठल्या लोडला इंधनामागे किती हवा हे, नीट नसेल तर ट्रिम लावूच नका. ट्रिम बंद ठेवून कमी लोडपासून फुल लोडपर्यंत सहा-सात ठिकाणी हाताने सेट करा, अर्धा दिवस जातो, जाऊ दे. लोड चढताना आधी हवा मग इंधन, उतरताना आधी इंधन मग हवा, हे क्रॉस लिमिटिंग असलंच पाहिजे, ट्रिम ते काम करत नाही.

किरकोळ चुका पटापट. सगळ्या लोडला एकच सेटपॉइंट ठेवू नका, कमी लोडला हवा नीट मिसळत नाही, तिथे ओटू जास्तच लागतो. डँपरच्या लिंकेजमध्ये (तो हलवणाऱ्या दांड्यांत) ढिलेपणा असेल तर कुठलंच ट्यूनिंग चालणार नाही, आधी पाना घ्या. प्रोब फुटक्या एक्स्पान्शन जॉइंटच्या पुढे बसवलात तर तो जॉइंटची हवा मोजेल. शटडाउनला प्रोबचा हीटर बंद करू नका, ओलावा धरून सेल खराब होतो. प्रोब फॉल्टला गेला की ट्रिम शून्यावर यायला हवं, शेवटच्या आकड्यावर गोठायला नको, आणि हे कमिशनिंगच्या दिवशी प्रोबची वायर काढून बघा.

साखर कारखान्यातले मित्र सीझनला विचारतात की बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) बॉयलरवर असंच करू का. बगॅसमध्ये निम्मं पाणी, फीडरमधून कधी गठ्ठा पडतो तर कधी काहीच नाही, मग ट्रिमने कशाच्या मागे धावायचं? तिथे मी ओटूचा सरासरी ट्रेंड ऑपरेटरसमोर मोठ्या अक्षरात लावतो आणि ट्रिम अगदी संथ ठेवतो, फार तर पाच टक्के.

त्या टोपीला मी आता साखळी लावतो. सायकलच्या दुकानात मिळते ती, बारीक. नव्या साइटवर गेलो की बॅगेत दोन असतातच.