मुंबई ते लंडन किती तास? या चुका टाळा

मुंबईहून सुटणार दुपारी १.१५ला, लंडनला पोचणार संध्याकाळी ६.३०ला. म्हणजे सव्वापाच तास! असा हिशेब करून निघालेली इतकी माणसं पाहिलीत की हल्ली कुणी ‘लंडन किती तास?’ विचारलं की मी आधी तिकीट मागतो.

तिकिटावरची वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे, म्हणून सव्वापाचात साडेचार मिळवायचे. झाले पावणेदहा. माझ्या मावसभावाने ते मिळवले नाहीत. मावशीला मधुमेह, पण ‘पाच तासांचा तर प्रश्न आहे’ म्हणत त्याने गोळ्यांचा डबा मोठ्या बॅगेत टाकला, म्हणजे थेट विमानाच्या पोटात. मावशीच्या मनगटावर आपलंच घड्याळ. त्यात साडेसहा वाजले तशी तिने चपला घातल्या, पर्स मांडीवर घेतली आणि खिडकीतून लंडन शोधायला लागली. विमान जेमतेम अर्धी वाट ओलांडून पुढे गेलेलं. अजून साडेचार तास आहेत हे कळल्यावर तिला वाटलं, विमान भरकटलं. रात्रीची गोळी चुकली ती चुकलीच. लेकाशी ती आठवडाभर धड बोलली नाही.

मी तिकिटाच्या मागे पेन्सिलने दोन्ही वेळा भारतीय घड्याळात लिहितो आणि मग वजाबाकी करतो. ॲपवर प्रवासाचे तास लिहिलेले असतात हे मलाही ठाऊक आहे. पण ती ओळ वाचायला बोट क्षणभर थांबवावं लागतं, आणि तेच कुणाला जमत नाही.

साडेचारही पाठ करून ठेवू नका. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा.

दुसरी लाडकी चूक हुशार मुलांची. हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, वेग ताशी ९००, उत्तर आठ तास. शाळेत पैकीच्या पैकी मार्क! पण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, हिवाळ्यात जास्तच. लंडनला जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीवर. म्हणून येताना साधारण तासभर वाचतो. शिवाय ७,२०० हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. विमान त्या रेषेवरून जाईलच असं नाही. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा वळसा घालावा लागलाच. धावपट्टीपर्यंत सरकणं, रांगेत थांबणं हेही त्याच तासांत मोडतं.

परतीला उलटा घोळ. रात्री ९ला निघून सकाळी १०.३०ला मुंबई, म्हणजे साडेतेरा तास दिसतात. उन्हाळ्यात ते असतात नऊ.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. पृथ्वी सपाट नाही.

अंतराच्या आकड्यापुढे सागरी मैल आहे का बघा. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं विमान पकडायचं असेल तर ‘दोन्ही लंडनच’ म्हणून दोन तासांचं अंतर ठेवू नका. मध्ये साठेक किलोमीटरचा रस्ता आहे.

आणि पुण्याहून निघणार असाल तर विमानाआधीचे आठ तास धरा: चार रस्त्याचे, तीन विमानतळावरचे, एक खंडाळ्याच्या घाटाचा. घाटाचा तास मी वेगळाच लिहितो.