शाळेत शेती सुरू करायचीय? मग आगेराच्या रविवारपासून उलटं मोजा

वसईतल्या आमच्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या शाळेत पाच वर्षं झाली मुलांसोबत शेती करतोय, त्यामुळे आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक, कधी एखादे फादर किंवा सिस्टर विचारतात की सुरुवात कुठून करायची. बहुतेकांच्या डोक्यात आधी जागा, पैसे, ड्रिप हेच असतं. मी सांगतो, आधी कॅलेंडर घ्या. शाळा १५ जूनच्या आसपास उघडते, मग दिवाळीची सुट्टी, नाताळची सुट्टी, परीक्षा आणि अख्खा मे महिना, आणि झाडाला यातली एकही सुट्टी नसते. आमची पहिल्या वर्षीची मेथी दिवाळीच्या सुट्टीत वाळून गेली, कारण पाणी कोण घालणार हे आम्ही कुणीच ठरवलं नव्हतं. सुट्टी संपल्यावर सहावीतली एक मुलगी त्या वाफ्यापाशी बसून रडली. ते अजून माझ्या डोळ्यासमोर आहे.

म्हणून उलटं मोजायचं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे आमचा सुगीचा सण, तेव्हा नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात. त्या लोंब्या मुलांनी स्वतः लावलेल्या हव्यात, पहिल्या वर्षी एवढंच ठरवा, बाकी काही नाही जमलं तरी चालेल. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं बियाणं १०० ते ११० दिवसांत तयार होतं, म्हणजे रोप जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत टाकायला हवं, आणि तेव्हा तर शाळा उघडलेलीच नसते. मग पॅरिशमधल्या एखाद्या शेतकरी घरी आधीच सांगून ठेवायचं, त्यांच्या राबात, म्हणजे रोपं तयार करायच्या वाफ्यात, आपलं मूठभर बियाणं जास्तीचं पडतं, कुणी नाही म्हणत नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात २१ ते २५ दिवसांचं रोप शाळेत आणून लावायचं. १० बाय १० फुटांचा तुकडा पुरे, चारी बाजूंनी बांध घाला, चिखल नीट होऊ द्या.

लावणी शिकवायला शिक्षक नको, आजी बोलवा. आमच्याकडे एका मुलाची आजी आली होती, साडी खोचून सरळ चिखलात उतरली. मुलं रोप अंगठ्याने खोल दाबत होती, तर तिने एकाचा हात धरला आणि म्हणाली, "दाबू नको रे बाळा, चिमटीत धर आणि चिखलात सोड, ते आपोआप उभं राहतं." एका चुडात, म्हणजे एका जागी, दोन-तीन रोपं, मध्ये वीतभर अंतर. मी महिनाभर फळ्यावर सांगून जे झालं नसतं ते अर्ध्या तासात झालं. वसईत केळी, पानवेली, भाजी करून आयुष्य काढलेली माणसं प्रत्येक गावात आहेत, राजेळी केळ्यांची सुकेळी कशी वाळवतात हे हातांना माहीत असलेली आता थोडीच उरलीत, त्यांना महिन्यातून एक तास शाळेत आणा. कार्यक्रमाचा कणा हाच आहे असं मी मनापासून मानतो.

भाजीचे वाफे ३ फूट रुंद ठेवा, म्हणजे मुलांना दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि कुणी वाफ्यात पाय देत नाही. दिवाळीची सुट्टी संपली की लगेच मेथी, लाल माठ, मुळा पेरायचा. मेथी आणि माठ २५-३० दिवसांत, मुळा ४०-४५ दिवसांत निघतो, म्हणजे नाताळाच्या सुट्टीआधी वाफे बहुतेक रिकामे होतात. जानेवारीत दुसरी पेरणी. मार्चनंतर नवीन काही पेरू नका, वाफे पाचोळ्याने झाका, मे महिन्यात फक्त शेवगा, कढीपत्ता, केळी एवढीच जगवायची, आणि त्यांच्या पाण्याची पाळी एप्रिलमध्येच नावं लिहून दारावर लावायची.

पाण्याची गोष्ट नीट बघा. आपल्या पश्चिम पट्ट्यात उपसा वाढल्यामुळे कितीतरी विहिरींना खारं पाणी लागलंय, त्यामुळे माती आणि पाणी दोन्ही आधी तपासून घ्या, पालघर जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र कोसबाडला आहे, तिथे विचारा. आवारात किंवा शेजारी जुनं बावखल, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं छोटं तळं असेल तर नशीब समजा, बुजवू देऊ नका, आधी त्यातला गाळ काढा.

खताला जीवामृत. २० लिटर पाण्यात १ किलो शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि मूठभर बांधावरची माती, सावलीत दोन-तीन दिवस ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, आठवड्याभरात वापरून टाकायचं. किडीला निंबोळी अर्क. रासायनिक औषधाची बाटली शाळेच्या आवारात आणूच नये, कपाटात कुलूपबंद सुद्धा नको.

आता ख्रिस्ती शाळा म्हणून वेगळं काय? बायबलमधल्या उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करायला, हे धर्मशिक्षणाच्या तासाला वाफ्याजवळ बसून वाचा, मुलांना लगेच कळतं. बायबलच्याच लेवीय पुस्तकात शेताच्या कडा गरिबांसाठी सोडायला सांगितलंय, तर आम्ही प्रत्येक वाफ्याची कडेची ओळ सोडतो, ती भाजी जवळच्या वृद्धाश्रमात जाते, मुलंच नेऊन देतात. उरलेली पोषण आहाराच्या खिचडीत. आमच्या वर्गात हिंदू, मुसलमान मुलंही आहेत, प्रार्थनेची सक्ती कुणावर नाही, कुदळ मात्र सगळ्यांच्या हातात.

त्या १० बाय १० च्या तुकड्यातून आम्हाला तीन-साडेतीन किलो भात मिळतो. लोंब्यांची जुडी चर्चला गेली की उरलेल्यातलं टपोरं भात निवडा, कडक उन्हात वाळवा, कडुनिंबाचा पाला घालून डब्यात भरा, डब्यावर वर्ग आणि तारीख लिहा. पुढच्या जूनमध्ये रोप टाकायला तोच डबा घेऊन जायचा.